शहर वेलीच्या कुंपणाशी

२६ जुलै २००५ चा पाऊस सांताक्रूझच्या वेधशाळेत मोजला गेला, म्हणून तो कायमचा सांताक्रूझच्या नावावर लागला. चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. फ्रान्समधल्या बोर्डो शहरात वर्षभरात मिळून साधारण नऊशे-साडेनऊशे मिलिमीटर पडतो. नाशिकला त्याहून कमी, सातशेच्या आसपास. म्हणजे नाशिककर सव्वा वर्षाहून अधिक काळ ज्या पाण्यावर काढतात, ते सांताक्रूझवर एका दिवसात कोसळलं.

द्राक्षाची वेल कुठे रुजते आणि कुठे कुजते, याचं उत्तर या आकड्यांतच आहे. कोकणपट्टीतून वर चढणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून रिकामे होतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिकपर्यंत पोचताना ढगांत फारसं काही उरत नाही. उंची सहाशे मीटरच्या घरात, नोव्हेंबर ते मार्च कोरडी हवा, दिवसा ऊन आणि रात्री अंगावर शाल घ्यावी असा गारवा. बोर्डो विषुववृत्तापासून ४५ अंशांवर, नाशिक २० अंशांवर. एरवी या दोन शहरांचा एकमेकांशी काही संबंध असण्याचं कारण नव्हतं.

द्राक्षामुळे तो संबंध जुळला आणि आता चांगला रुळला आहे. मुंबईच्या उपनगरांतून शनिवारी पहाटे निघालेल्या गाड्या तो पुढे नेतात. सांताक्रूझहून चेंबूर जोडरस्ता धरायचा, पूर्व द्रुतगती मार्गाने ठाणं ओलांडायचं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट न चढता लांबलचक बोगद्यातून इगतपुरी गाठता येते. नाशिक जवळ आलं की उजव्या हाताला पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. थांबायला हवं, कारण पुढे ज्या गावांकडे जायचं त्यांचा पत्ता या डोंगरावरच्या दगडात कोरलेला आहे.

लेण्यांपैकी दहावं लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने खोदवून घेतलं. त्यातल्या शिलालेखात तीन हजार कार्षापण नाण्यांच्या ठेवीचा हिशेब आहे. दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांचा खर्च भागवायचा. गौतमीपुत्र सातकर्णीने पुढे आज्ञापत्रं धाडली तीही गोवर्धनच्या अमात्याला. गोवर्धन तेव्हा आहाराचं, म्हणजे जिल्ह्याचं ठाणं होतं. त्याच काळात रोमन साम्राज्यातली दारू कुंभांत भरून भडोचच्या बंदरात उतरत होती. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तिथे खपणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची वाइन आहे, आणि ती भरून आणणाऱ्या दुहेरी कानांच्या उंच कुंभांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात सापडले. गोदावरीच्या खोऱ्यात परदेशी द्राक्षरस पोचल्याला दोन हजार वर्षं होत आली, एवढं तर नक्की.

आजचं गोवर्धन हे नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर रोडवरचं एक लहान गाव आहे.

हा रस्ता सावकाश पाहण्यासारखा आहे. अशोकस्तंभापासून निघून जेहान सर्कल मागे टाकलं की आनंदवल्ली लागते, मग सोमेश्वराचं मंदिर आणि त्याच्याजवळचा धबधबा, मग गंगापूर गाव, गोवर्धन, सावरगाव, गंगावऱ्हे आणि शेवटी टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गिरणारे. गोदावरी डावी-उजवी करत सोबत असते. आनंदवल्लीचं मूळ नाव चौंधस. राघोबादादांनी पुण्याच्या राजकारणातून बाजूला होऊन तिथे वाडा बांधला आणि गावाला पत्नी आनंदीबाईंचं नाव दिलं. तिथून काही किलोमीटरवर गंगापूरला नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई येऊन राहिल्या. मुलाशी बिनसल्यावर त्यांनी पुणं सोडलं ते असं. १७८८ मध्ये त्यांचं निधन झालं तेही नाशिकलाच. पेशवे घराण्यातल्या ज्या दोन बाजू एकमेकींचं तोंड पाहायला तयार नव्हत्या, त्यांनी निवांतपणासाठी निवडला तो पट्टा मात्र एकच. मुंबईकर आज जे शोधत इथे येतो, तेच तेव्हाही इथे मिळत होतं.

नदीवर गंगापूरचं मातीचं धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं. नाशिक शहराला पाणी मिळालं, काठच्या जमिनींना ओलावा मिळाला, आणि धरणाच्या पाण्याकडे तोंड करून उतरणाऱ्या मुरमाड टेकड्यांना पुढे कधीतरी भाव येणार याची बीजं पडली.

द्राक्षाची कथा मात्र नाशिकच्या दुसऱ्या अंगाला, ओझरला सुरू होते. रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ मध्ये तिथे बाग लावली असं नाशिक जिल्हा मानतो. भोकरी, अनाब-ए-शाही अशा बियांच्या जातींपासून सुरू झालेली ही शेती थॉमसन सीडलेसपर्यंत आली. मग सोलापूरच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस, तर तासगावकडे आर्वे यांनी तास-ए-गणेश निवडून काढली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबाहेर, शेतकऱ्याच्या बांधावर एवढ्या जाती निवडल्या गेल्याचं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात सहज सापडणार नाही. या माणसांबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत एखादा धडा असायला हवा होता.

या सगळ्या बागांत बोर्डो पहिल्या दिवसापासून हजर आहे, आणि वाइनच्या कितीतरी आधी.

द्राक्ष बागायतदाराच्या घरी ओसरीत निळ्या खड्यांची पोती असतात. तो मोरचूद. एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण करायचं तर एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचा, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये विझवून गाळून घ्यायचा. लोखंडी भांडं चालत नाही. प्लास्टिकचे पिंप लागतात. दोघांनी दोन पिंपांतून एकाच वेळी तिसऱ्यात ओतायचं आणि तिसऱ्याने लाकडी काठीने ढवळत राहायचं. आभाळासारखा निळा रंग आला की विळ्याचं पातं क्षणभर बुडवून बाहेर काढायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, पानं करपतील; आणखी चुन्याची निवळी घालायची. पातं स्वच्छ निघालं तर फवारा, आणि तोही त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी ते मिश्रण कामाचं राहत नाही. बाजारात आता डझनांनी बुरशीनाशकं मिळतात, तरी छाटणीनंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावल्याशिवाय शेतकऱ्याचं मन भरत नाही. कोकणातला सुपारीवालाही कोळे रोगासाठी तेच मारतो, विदर्भातला संत्रावाला डिंक्यासाठी तेच लावतो.

हे मिश्रण निघालं बोर्डोच्या बागांतून. १८७० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतून आलेल्या केवड्याने, म्हणजे आपल्या बागायतदारांच्या बोलीतल्या डाऊनीने, फ्रान्सच्या बागा उजाड करायला सुरुवात केली होती. ऑक्टोबर १८८२ मध्ये बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मियार्दे मेदोक भागातून जात असताना त्यांना दिसलं की सगळीकडच्या वेली निष्पर्ण झाल्या आहेत, पण रस्त्याच्या कडेच्या ओळींवर पानं शाबूत आहेत. चौकशी केली तेव्हा कळलं, की येणारे-जाणारे घड तोडून खातात म्हणून मालकाने कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळसर डाग पाहून कुणी हात लावत नसे. मियार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों यांच्यासोबत प्रयोग केले आणि १८८५ मध्ये प्रमाण जाहीर केलं. चोरांना धाक दाखवायला केलेली युक्ती जगभरच्या शेतीचं औषध झाली.

याच काळात दुसरं संकट होतं फिलोक्सेरा या मुळं पोखरणाऱ्या किडीचं. तीही अमेरिकेतूनच आलेली. उपाय असा निघाला की अमेरिकन रानटी द्राक्षाच्या मुळावर फ्रेंच जातीचं कलम बांधायचं. आज बोर्डोतली जवळजवळ प्रत्येक वेल परक्या मुळावर उभी आहे. नाशिकमध्येही तसंच; फक्त कारण वेगळं. इथे क्षारयुक्त पाणी आणि दुष्काळ सोसेना, तेव्हा बागायतदारांनी मूळच्या टेक्सासकडच्या डॉगरिज खुंटावर कलमं बांधली.

फरक आहे तो वेलीच्या झोपेचा. बोर्डोची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते, सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची काढणी होते. नाशिकला एवढी थंडीच नाही, त्यामुळे वेल आपणहून झोपत नाही. शेतकऱ्याला कात्री घेऊन तिचं वर्ष ठरवावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काड्या वाढवायच्या, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी करून त्या काड्यांतून घड काढायचे. पीक येतं जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या बागा बर्फात गारठलेल्या असतात तेव्हा. एका वर्षात दोनदा छाटणी आणि एकदाच पीक, ही पद्धत इथल्या बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून बसवली. परदेशातून आलेल्या वाइनतज्ज्ञांना ती इथे येऊन शिकावी लागली.

वाइनचा पहिला मोठा प्रयत्न नाशिकला झाला नाही. तो पुणे जिल्ह्यात नारायणगावला झाला. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने शॅम्पेनच्या प्रदेशातल्या पायपर-हाइडसिक या कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेऊन फसफसती वाइन काढली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशी गेली, युरोपातल्या दुकानांत लागली. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षाची बाटली पॅरिसच्या टेबलावर जाते याचं त्या वेळी मोठं अप्रूप होतं. २०१० च्या सुमारास कंपनी कर्जात बुडाली आणि तो अध्याय संपला, तरी महाराष्ट्राच्या वाइनची सुरुवात लिहिताना नारायणगाव वगळता येणार नाही.

गंगापूरचा अध्याय राजीव सामंत यांनी सुरू केला. स्टॅनफर्डला शिकून, अमेरिकेत नोकरी करून परतलेल्या सामंतांनी घरच्या सावरगावच्या जमिनीत आंबा, गुलाब, साग असं काय काय करून पाहिलं. मग १९९७ च्या सुमारास त्यांनी तिथे सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या फ्रेंच जातींच्या वेली लावल्या. कॅलिफोर्नियाचे वाइनकार केरी डॅम्स्की मदतीला आले. आई सुलभा यांच्या नावावरून कंपनीचं नाव सुला ठेवलं आणि पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, वाइनरीला लघुउद्योगाचा दर्जा मिळाला, उत्पादनशुल्कात सवलत मिळाली, विंचूरला वाइन पार्क निघालं. मग रांगच लागली. गंगावऱ्ह्याला यॉर्क आणि सोमा, इगतपुरीकडे संजेगावला व्हॅलोने, दिंडोरीला चारोसा. २०१३ मध्ये खुद्द शॅम्पेनच्या प्रदेशातली मोएट हेनेसी ही कंपनी शांदों नावाची फसफसती वाइन घेऊन दिंडोरीत उतरली.

वाइनची द्राक्षं आणि खायची द्राक्षं यांचा स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट. टेबल द्राक्षाला लांब, मोठा, पातळ सालीचा, कुरकुरीत मणी हवा. त्यासाठी विरळणी करायची, घड जिबरेलिक आम्लाच्या (जीए) द्रावणात बुडवायचे, मण्याचा आकार फुगवायचा. वाइनच्या द्राक्षाला लहान मणी, जाड साल, आत बी आणि वेलीवर मोजकेच घड हवेत. सालीतच रंग आणि चव असते. खायच्या द्राक्षासाठी आयुष्य घालवलेल्या बागायतदाराला आपणहून उत्पादन कमी ठेवा म्हणणं म्हणजे त्याच्या सगळ्या शहाणपणाला उलटं करणं होतं. तरी अनेकांनी ते केलं. वाइनरी करार करते, भाव आधी ठरतो, साखरेच्या प्रमाणावर माल घेतला जातो. आगाप-मागाप बाजाराची धाकधूक नाही, हे मोठं आकर्षण.

करार मात्र दोन्ही बाजू टिकल्या तरच टिकतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, त्यातच जगभर मंदी आली आणि वाइनचा खप घसरला. टाक्या भरलेल्या असल्याने अनेक वाइनरींनी माल उचलला नाही. पुढच्या दोन हंगामांत कितीतरी शेतकऱ्यांनी कॅबर्ने आणि शिराझच्या वेली मुळासकट उपटून पुन्हा थॉमसन लावली. हा घाव जिल्ह्यात अजून लक्षात आहे. त्यात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २०१९ च्या ऑक्टोबरातला परतीचा पाऊस. फुलोऱ्यात पाऊस पडला की मणी गळतात, घड कुजतात, औषधाचा खर्च दुप्पट होतो. एका हंगामातलं नुकसान भरून काढायला तीन हंगाम लागतात.

वाइनला समाजाचा होकार मिळाला असंही नाही, आणि मिळायलाच हवा असं म्हणणंही सोपं नाही. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अमलात आला नाही. ज्या राज्यात गावोगावच्या बायकांनी 'उभी बाटली-आडवी बाटली'चं मतदान घडवून दारूची दुकानं बंद पाडली, तिथे हा विरोध मनापासून आलेला आहे. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा ही मागणीही तितकीच मनापासूनची आहे. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही धरूनच धोरण करावं लागेल.

आज सुट्टीच्या दिवशी गंगापूर-सावरगाव रस्त्यावर मुंबईच्या पाट्यांच्या गाड्यांची रांग लागते. चव घेण्याच्या खोल्या, धरणाच्या पाण्याकडे उघडणारे सज्जे, राहायच्या खोल्या, पर्यटन महामंडळाचं ग्रेप पार्क. फेब्रुवारीतल्या सुलाफेस्टच्या दिवसांत तर गावातल्या प्रत्येक घराला काही ना काही काम मिळतं. खोल्या भाड्याने जातात, मिसळ खपते, गाडी लावायला शेताचा तुकडा दिला तरी पैसे मिळतात. हे चांगलंच आहे. रस्त्याच्या बाजूला लागलेल्या दुसऱ्या पाट्याही तेवढ्याच पाहण्यासारख्या आहेत: 'एनए प्लॉट', 'वाइनरीलगत फार्महाऊस', 'द्राक्षबागांच्या सान्निध्यात बंगलो'. आनंदवल्ली केव्हाच शहर झाली. गंगापूर गाव महापालिकेच्या हद्दीत आहे, बहुमजली मनोरे गोवर्धनच्या दिशेने सरकत आहेत. वेलींच्या देखाव्यावर प्लॉट विकला जातो आणि त्या प्लॉटसाठी पुढची बाग जाते.

हे असं पुढे कुठवर जातं हे पाहायचं असेल तर बोर्डोच्या नैर्ऋत्येला पेसाकला जावं. बोर्डोच्या मध्यवस्तीतून बी मार्गाची ट्राम निघते आणि थेट पेसाकच्या चौकात येऊन थांबते. साठ हजारांवर वस्तीचं हे शांत उपनगर. कमी उंचीची घरं, अंगणात गुलाब, दुपारी बंद होणारी दुकानं, विद्यापीठाच्या पोरांची वर्दळ. आणि या घरांच्या मधोमध, ट्रॅफिक सिग्नलच्या पलीकडे, अचानक द्राक्षाच्या ओळी सुरू होतात. बारीक गोट्यांची जमीन. याच गोट्यांवरून या साऱ्या प्रदेशाला ग्राव्ह म्हणतात. ती बाग शातो ओ-ब्रियाँची. झाँ द पोंताक यांना १५२५ मध्ये लग्नात ही जमीन मिळाली, पुढे त्यांनी इथे हवेली बांधली. सॅम्युअल पीप्स याने १० एप्रिल १६६३ ला लंडनच्या एका खानावळीत तिथली वाइन चाखली आणि रोजनिशीत नोंद केली. १८५५ च्या प्रसिद्ध प्रतवारीत पहिल्या प्रतीत मेदोकबाहेरची हीच एक लाल वाइन होती. आज पन्नासेक हेक्टरांची ही बाग चारही बाजूंनी घरांनी वेढलेली आहे.

याच पेसाकमध्ये साखरेचे कारखानदार आंरी फ्र्युजेस यांनी १९२४ ते २६ दरम्यान ल कॉर्बूझिए यांच्याकडून कामगारांसाठी पन्नासेक घरं बांधून घेतली. पाण्याच्या जोडणीचा घोळ झाला आणि घरं कित्येक वर्षं रिकामी राहिली. मग जी कुटुंबं आली, त्यांनी सपाट गच्चीवर उतरतं छप्पर घातलं, रुंद खिडक्या अरुंद केल्या, मोकळ्या जागा बंद केल्या. मुंबईतल्या कुठल्याही वसाहतीतल्या माणसाला हे लगेच कळेल. २०१६ मध्ये युनेस्कोने ल कॉर्बूझिए यांच्या सात देशांतल्या सतरा कामांना वारसा ठरवलं. त्यात चंडीगडचं कॅपिटोल संकुल आहे आणि पेसाकची ही वस्तीही.

पेसाकला आज उरल्या आहेत त्या मोठ्या नावांच्या बागा. ओ-ब्रियाँ, ला मिसियों, आणि पाप क्लेमाँ, जी बोर्डोचे आर्चबिशप बेर्त्रां द गो यांची होती. ते १३०५ मध्ये पोप झाले, तेव्हापासून बागेला हे नाव. पाप क्लेमाँची कथा नाशिककराने लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. जून १९३७ मध्ये तिथे प्रचंड गारपीट झाली, जवळजवळ सगळी बाग झोडपली गेली. शहर कुंपणापर्यंत आलेलं होतंच. पॉल मोंतान्य यांनी १९३९ मध्ये ती घेऊन पुन्हा लावली म्हणून ती वाचली. आसपासच्या लहान बागांना असा कुणी भेटला नाही. त्यांच्या जागी रस्ते आहेत, शाळा आहेत, घरं आहेत.

यातून दिसतं ते असं की पेसाकच्या वेली आधी कायद्याने वाचल्या नाहीत, भावाने वाचल्या. ओ-ब्रियाँच्या एका बाटलीची किंमतच एवढी की त्या जमिनीवर इमारत बांधणं परवडत नाही. ज्यांच्या बाटलीला तेवढा भाव नव्हता त्या बागा गेल्या. आंद्रे ल्यूर्तों यांच्यासारख्या मळेवाल्यांनी दोन दशकं पाठपुरावा केला, तेव्हा १९८४ मध्ये ग्राव्हसोबत पेसाकचं नाव लावायची मुभा मिळाली आणि सप्टेंबर १९८७ मध्ये पेसाक-लेओन्याँ हे स्वतंत्र मानांकन झालं. तोवर शहरालगतचं बरंच काही गेलेलं होतं. नाशिकच्या बाटलीला ओ-ब्रियाँचा भाव येण्याची वाट पाहत बसलं तर गोवर्धनला वाचवण्यासारखं काही उरणार नाही, म्हणून इथे कायदा आधी यायला हवा.

आपली जमीन गेल्याचं ज्यांना ठाऊक आहे, ती माणसं सांताक्रूझमध्येच राहतात. सांताक्रूझ स्थानक १८८८ मध्ये सुरू झालं तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. कोले कल्याण, वाकोला, कलिना, खोतवाडी इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची ती शेती. दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी आली, १९५० मध्ये हद्द वाढून हा भाग मुंबई पालिकेत गेला, मग विमानतळ वाढला, विद्यापीठाचं संकुल आलं, वसाहती आल्या. उरली ती गावठाणांची बेटं: अरुंद गल्ल्या, क्रूस, लाकडी जिन्यांची काही घरं. त्या घरांत नाताळाआधी चिनी मातीच्या बरण्यांत बेदाण्यांची वाइन अजूनही मुरायला ठेवली जाते. त्यातले बेदाणे तासगावहून आलेले असतात, कारण सांताक्रूझच्या पावसात द्राक्ष होत नाही. पण भात होत होता, आणि तोही राहिला नाही. शेत गेल्यावर गावठाणाच्या सीमेसाठी, मालमत्तापत्रकासाठी आणि बांधकामाच्या परवानगीसाठी भांडत बसण्याची पाळी या लोकांवर आली, ती अजून संपलेली नाही.

नाशिकच्या द्राक्षांना आणि 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हे मानांकन दुसऱ्या प्रदेशातल्या बाटलीला नाशिकचं नाव लावू देत नाही. नाशिकमधल्या बागेचा लेआऊट करायला ते आडवं येत नाही. फ्रेंच पद्धतीत मानांकनाची जमीन तुकड्या-तुकड्याने, जमिनीच्या नोंदीतल्या क्रमांकानिशी यादीत असते. १९३५ पासून हे काम पाहणारी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे, आणि अशा जमिनीवर घाला घालणारा विकास आराखडा आला की तिचं मत घ्यावं लागतं. बागायतदारांच्या संघाला थेट सरकारदरबारी हरकत नोंदवता येते. मत मागितलं म्हणजे बाग वाचतेच असं नाही, पण बाग गेली तर ती सगळ्यांसमोर, नोंद होऊन जाते.

असं काही इथे करायला माहिती नव्याने जमवावी लागणार नाही. ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपल्या गटातलं पीक नोंदवतो. गंगापूर, गोवर्धन, सावरगाव, गंगावऱ्हे, गिरणारे या गावांतल्या बागांचे गट नंबर त्या नोंदीतून काढून मानांकनाच्या हद्दीशी जोडता येतात. यांपैकी महापालिकेबाहेरच्या गावांचं नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकभोवतीचे रस्ते रुंद होत आहेत, आणि रस्ता रुंद झाला की त्याच्या कडेचा पहिला गट बिनशेतीसाठी जातो. गट नंबरांची ही यादी प्राधिकरणाच्या नकाशावर पुढच्या आराखड्याच्या आधी चढली पाहिजे, आणि ती चढवून घेण्याची मागणी द्राक्ष बागायतदार संघ आणि वाइनरीवाले यांनी एकत्र येऊन केली पाहिजे.